दुधाळ्याची वेधशाळा आणि आमची मुले

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा हे गाव काही वर्षांपूर्वी जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. आज ते देशोदेशींच्या शास्त्रज्ञांच्या तोंडी आहे. गुरुत्वलहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा तेथे व्हावयाची असून, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून हिंगोलीकडचे पालक आम्हांला एकच प्रश्न विचारतात: "मुलाने खगोलशास्त्र घेतले तर इथे नोकरी लागेल काय, आणि पगार किती?" प्रश्न रोकडा आहे, उत्तरही रोकडेच दिले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. खगोलशास्त्रज्ञ म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसलेला मनुष्य, हे चित्र आता जुने झाले. दुधाळ्यास तर नेहमीच्या अर्थाची दुर्बीण असणारच नाही. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांत टांगलेले ४० किलो वजनाचे आरसे आणि त्यांवर आदळून परतणारा लेसरचा किरण, असे हे यंत्र. लहर आली की या लांबीत जो फरक पडतो, तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहूनही सूक्ष्म. दूरच्या रस्त्यावरून मालमोटार गेली तरी यंत्राला हादरा कळतो. त्या गोंगाटातून खरी लहर निवडून काढणे हे गणिताचे व संख्याशास्त्राचे काम आहे. पुण्याच्या 'आयुका'त संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्याच्या रीती शोधीत होते, आणि पहिली लहर हाती आली ती अमेरिकेतील यंत्रांवर, १४ सप्टेंबर २०१५ रोजी. एवढा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याने दुसरा धंदा पाहावा.

आता वाट कशी आहे ते पाहू. पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी., मग एम.एस्सी.; त्यानंतर 'नेट', 'जेस्ट' किंवा आयुकासारख्या संस्थांची प्रवेशपरीक्षा; आणि मग पीएच.डी.ची पाचसहा वर्षे. २०२३ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे या काळात पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे ४२,००० रुपये विद्यावेतन मिळते, घरभाडे निराळे. म्हणजे शेतकरी बापाला पोराच्या खर्चासाठी कर्ज काढावे लागत नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पीएच.डी.नंतर काही वर्षे मुदतीच्या जागांवर, येथे ५८,००० ते ६७,००० वर किंवा परदेशात काढावी लागतात. विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते, त्यावर महागाई भत्ता. पगार वाईट नाही. पण कायम जागा हाती येईतो वयाची तिशी उलटून गेलेली असते, आणि जागा थोड्या. बरोबरीचा मित्र तोवर बँकेत लागून घर बांधून मोकळा झालेला असतो. मुलींना तर याच वर्षांत लग्नाचा तगादा लागतो, आणि चांगली बुद्धी तेथेच अडते. याचा दोष त्या मुलींकडे नाही.

कायम जागा मिळाली नाही तर शिक्षण फुकट जाते, असे मात्र आम्ही मानीत नाही. संगणकाची आज्ञावली लिहिणे, मोठ्या आकडेवारीतून अर्थ काढणे, इलेक्ट्रॉनिक्स, नीट इंग्रजीत अहवाल मांडणे ही कसबे बँका, हवामानखाते, संगणक कंपन्या यांना हवीच असतात; पुष्कळदा पगारही तिकडे जास्त.

राहिला "इथे" हा शब्द. शास्त्रज्ञांच्या जागा देशभरातून निवड करून भरतात. गाव वेधशाळेच्या शेजारी आहे म्हणून कोणी तेथे शास्त्रज्ञ होत नाही. पण यंत्राला शास्त्रज्ञांखेरीज इतर हातही लागतात. निर्वात नळ्यांना हवा शिरणार नाही असे जोडकाम, वातानुकूलन, वीज, प्रयोगशाळेची निगा. आयटीआय व पदविकेच्या मुलांनी तिकडे लक्ष ठेवावे.

आज आठवीत असलेली मुलगी सरळ चालत गेली तरी तिची पीएच.डी. व्हायला चौदापंधरा वर्षे लागतील. वेधशाळा २०३० पर्यंत पुरी करण्याचे मंजुरीच्या वेळी ठरले होते. तेव्हा ही मुलगी फार तर महाविद्यालयात असेल. तिला बीजगणित कोण शिकवतो आणि शाळेची प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, एवढे मात्र पालकांना याच आठवड्यात जाऊन पाहता येईल.