परवाना हातीं, बंदूक दुकानांत

कापडाच्या दुकानांत गिऱ्हाइकानें पाऊल टाकलें कीं दुकानदार हंसून बसावयास सांगतो आणि दहा साड्या उलगडून दाखवितो. बंदुकीच्या दुकानांत यांतलें बहुधा कांहींच घडत नाहीं. तेथें गिऱ्हाइकाला प्रथम आपण कोण हें सिद्ध करावें लागतें. मग दुकानदाराच्या सवडीनें हत्यार पाहावयास मिळतें. आणि पैसे मोजल्यावरहि तें त्याच दिवशीं घरीं नेतां येईल असा भरंवसा नसतो. दुसऱ्या कोणत्याहि व्यापारांत जी वागणूक अपमानाची ठरली असती ती येथें रीतच आहे असें समजून लोक मुकाट्यानें सोसतात. यांपैकीं कायद्यानें आलेली अडचण किती, आणि कायद्याच्या आडोशानें दुकानानें निर्माण केलेली किती, याचा उलगडा झाल्यावांचून आपलें गाऱ्हाणें कोणापुढें मांडावें हेंच गिऱ्हाइकाला कळत नाहीं.

विदर्भांतील एखाद्या शेतकऱ्याचें उदाहरण घ्यावें. जंगलाच्या कडेला त्याचें पांच-सहा एकरांचें शेत आहे. तूर आणि हरभरा उभा असतांना रानडुकरांचा कळप रात्रीं येतो, आणि सकाळीं बांधावरून पाहावें तों पीक आडवें झालेलें असतें. मचाणावर जागून आणि डबे बडवून थकलेला हा शेतकरी अखेर बंदुकीच्या परवान्यासाठीं अर्ज करतो. पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षितपणें हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला, अशा पायऱ्या चढून परवाना हातीं येईपर्यंत एखादा हंगाम निघून जातो. परवाना मिळाला म्हणजे काम संपलें असें त्याला वाटतें. वस्तुतः तेथून दुसरें काम सुरू होतें.

प्रथम कायद्याची बाजू पाहणें न्यायाचें होईल. इंग्रजी अमदानींतील १८७८ चा हत्यारांचा कायदा जाऊन त्याच्या जागीं १९५९ चा शस्त्र कायदा आला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून बंदूक घेतां येत नाहीं, आणि पांचव्या कलमाप्रमाणें परवान्यावांचून बंदुकीचा व्यापार किंवा दुरुस्तीचा धंदा करतां येत नाहीं. ज्या बंदुकीवर कारखान्याचें नांव, क्रमांक किंवा ओळखीची अन्य खूण उमटविलेली नाहीं, तिच्या विक्रीस आठव्या कलमानें मनाई आहे. एकवीस वर्षांखालील माणसाला ती विकण्यास नवव्या कलमानें बंदी आहे. १९८३ व २०१९ सालीं या कायद्यांत महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसाला बाळगतां येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तिनांवरून दोनांवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली.

सबब दुकानदारानें परवाना उलटसुलट करून वाचला, त्यावरील फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहिला, वहींत नोंदी केल्या, तर त्यांत गिऱ्हाइकानें अपमान मानण्याचें कारण नाहीं. तें दुकानदाराचें कर्तव्य आहे. त्यांत कसूर झाली तर त्याचा धंदाच नव्हे, त्याची मोकळीकहि धोक्यांत येते. आणि गैरनोंदीची बंदूक घेऊन गेलेलें गिऱ्हाईकहि त्या संकटांतून सुटत नाहीं.

त्याच कायद्याच्या तेराव्या कलमांत शेतकऱ्याविषयीं एक तरतूद आहे. ती पुष्कळांना ठाऊक नसते. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं नागरिकानें ठासणीची बंदूक मागितली, किंवा संरक्षणासाठीं अथवा खेळासाठीं वीस इंचांहून आंखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, तर नाकारण्याचें अन्य कायदेशीर कारण नसल्यास परवाना द्यावा असें तें कलम सांगतें. ठासणीच्या बंदुकीनें पिकाचें रक्षण होण्यासारखें नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर करण्याची मुभाहि अधिकाऱ्याला आहे. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून परवाना नाकारतां येत नाहीं, हें चौदाव्या कलमांत स्पष्ट लिहिलें आहे.

परंतु परवान्यावर लिहिलेली बंदूक एक आणि दुकानांत असलेली दुसरी, असा प्रसंग येतो. अशा वेळीं, ‘आतां ही घेऊन जा, कचेरींतून कागद मागाहून बदलून घ्या,’ असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकूं नये. परवान्यांत नसलेलें हत्यार बाळगणें म्हणजे परवान्यावांचून हत्यार बाळगणेंच होय. आधीं परवान्यांत बदल करून घ्यावा आणि मग पैसे मोजावे, हाच क्रम बरोबर आहे.

दुकानांत माल तुटपुंजा कां असतो, यालाहि कारण आहे. परदेशी बंदुका आणून सामान्य गिऱ्हाइकाला विकण्याचा व्यापार १९८० नंतरच्या दशकांत बंद झाला. मान्यताप्राप्त नेमबाजांसारखे अपवाद सोडले तर तो मार्ग खुला नाहीं. त्यामुळें त्यापूर्वीं देशांत आलेलीं हत्यारेंच हातोहात फिरत राहिलीं, आणि परदेशांत सामान्य गणल्या जाणाऱ्या जुन्या हत्यारालाहि येथें अवाच्या सवा भाव येऊं लागला. नव्या मालासाठीं गिऱ्हाइकाला दीर्घकाळ मुख्यतः सरकारी कारखान्यांकडे पाहावें लागलें. कानपूरचें बत्तीस बोअरचें रिव्हॉल्व्हर आणि इशापूरची तीनशें पंधरा बोअरची रायफल त्यांतूनच प्रसिद्धीस आली. १ ऑक्टोबर २०२१ रोजीं या कारखान्यांचें जुनें मंडळ मोडून त्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. बारा बोअरच्या बंदुका करणारे मुंगेर व जम्मू येथील लहान कारखानदारहि पूर्वींपासून आहेत. तथापि विकणारीं दुकानें मोजकींच. जेथें जवळपास एकच दुकान आहे तेथें भाव, वेळ आणि वागणूक हीं तिन्ही दुकानदाराच्या हातीं जातात.

या स्थितींतून उद्भवणारा सर्वांत मोठा मनस्ताप आगाऊ रकमेचा. गिऱ्हाइकानें पैसे भरावे, आणि ‘कारखान्यांतून माल यावयाचा आहे,’ ‘साहेब रजेवर आहेत,’ ‘पुढच्या सोमवारीं या,’ असें ऐकत खेपा घालाव्या. माल येण्यास उशीर होणें खरेंहि असूं शकतें. पण परवाना मिळाल्यावर हत्यार घेण्यासाठीं कांहीं ठराविक मुदतच असते, आणि दुकानाच्या प्रत्येक ‘उद्यां’बरोबर ती सरत जाते. मुदत टळली तर वाढवून मागण्यासाठीं पुन्हा कचेरीचा उंबरठा झिजवावा लागतो तो शेतकऱ्याला, दुकानदाराला नव्हे. कधीं तर ठरलेली बंदूक अधिक भाव देणाऱ्याकडे गेली असें शेवटीं कळतें. अशा वेळीं तोंडचा शब्द निरुपयोगी ठरतो. म्हणून पैसे देतांनाच पावती घ्यावी. तींत कारखान्याचें नांव, बोअर, बंदुकीचा क्रमांक, पूर्ण किंमत, ताबा देण्याची तारीख आणि माल न मिळाल्यास रक्कम परत करण्याची अट हीं लिहिलेलीं असावीं. मूळ परवाना नोंदीपुरता दाखवावा व नोंद होतांच परत घ्यावा. तो दिवसेंदिवस दुकानाच्या कपाटांत ठेवून येण्यांत शहाणपण नाहीं.

दुसरा मनस्ताप हत्यार नीट पाहूं न देण्याचा. ‘इतक्या वर्षांची बंदूक, तिला काय पाहावयाचें!’ असें म्हणून जुनी दुनळी बंदूक घाईनें गळ्यांत बांधण्याचा प्रकार घडतो. येथें प्रश्न केवळ पैशाचा नसून जिवाचा आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती उघडावी आणि नळी उजेडाकडे धरून आंतून पाहावी. गंजाचे खड्डे किंवा पोंचे दिसल्यास थांबावें. ती मिटून नळ्या व मागचा भाग यांत हालचाल होते कीं काय तें पाहावें. हालचाल असेल तर जोड झिजलेला आहे. दाबाच्या कसोटीस उतरल्याची जी खूण नळीवर उमटवितात ती शोधावी. पोलाद आणि लोखंड यांच्या पट्ट्या पिळून केलेल्या फार जुन्या नळ्या काळ्या दारूसाठीं असत. आजच्या धूरविरहित दारूच्या काडतुसानें त्या फुटण्याचें भय असतें. तसेंच कित्येक जुन्या बारा बोअरच्या बंदुकांचें घर ६५ मिलिमीटरच्या काडतुसाचें असतें. त्यांत ७० मिलिमीटरचें काडतूस पुष्कळदां बसतें, पण उडतांना त्याचें तोंड उलगडण्यास जागा न मिळाल्यानें आंतील दाब धोकादायक रीतीनें वाढूं शकतो. हें सारें जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावें. माल तपासण्याची वाजवी संधि मिळावी हा गिऱ्हाइकाचा हक्क १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांतच मान्य केलेला आहे; ती मागणें म्हणजे दुकानदारावर अविश्वास दाखविणें नव्हे.

दुकानाला कंटाळून कोणी खाजगी परवानाधारकाकडून बंदूक घेऊं पाहतो. तीहि वाट कायदेशीर आहे, पण सरळ नाहीं. विकणारानें जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला आपला हेतु लेखी कळवावा लागतो, आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस गेल्यावांचून बंदूक हस्तांतरित करतां येत नाहीं. हा विलंब मात्र शुद्ध कायद्याचा आहे. तो टाळून देण्याचें आश्वासन कोणी देऊं लागला तर त्याच्यापासून दूर राहावें.

बंदूक मिळाली तरी काडतुसांचा प्रश्न उरतोच. वर्षाकाठीं किती घ्यावीं आणि एका वेळीं किती बाळगावीं, याची मर्यादा परवान्यानें घातलेली असते, आणि तिच्यापलीकडे दुकानदार एकहि देऊं शकत नाहीं. पण ‘बंदूक हवी तर अमुक पेट्या काडतुसें आणि हें चामडी म्यान घेतलेंच पाहिजे,’ ही अट कोणत्याहि शस्त्र कायद्यांत नाहीं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून उभा आहे, आणि तरीहि महाराष्ट्रांतल्या शेतकऱ्याला चार काडतुसांसाठीं अशा अटी ऐकाव्या लागाव्या, हें नवल होय.

मग दाद कोठें मागावी? परवाना सरकारानें नाकारला असेल तर कारणें लेखी नोंदविणें अधिकाऱ्यास भाग आहे. मागितल्यास, सार्वजनिक हिताची बाधा नसेल तर, तीं अर्जदाराला कळवावीं लागतात, आणि अठराव्या कलमाखालीं अपील करतां येतें. दुकानानें नाडलें असेल तर वाट निराळी आहे. २० जुलै २०२० पासून अंमलांत आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा बंदुकीच्या दुकानालाहि लागू आहे, कारण विकत घेतलेली बंदूक हाहि मालच होय. बिल न देणें, आणि सदोष माल बिलांतील मुदतींत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणें, या गोष्टी त्या कायद्यानें अनुचित व्यापारांत गणल्या आहेत. एका वस्तूसाठीं दुसरी वस्तु घेण्याची सक्ति करणें यासहि त्यानें मनाई केली आहे. तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत करावी. मालाची किंमत पांच लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क पडत नाहीं. आरंभीं सल्ल्यासाठीं १९१५ हा सरकारी दूरध्वनि क्रमांक आहे. सदोष बंदूक परत देतांना मात्र ती नुसती दुकानांत टाकून येऊं नये. क्रमांकासह पोंच घ्यावी आणि परवान्यावरील नोंदीची व्यवस्था करून घ्यावी, नाहींतर हातीं नसलेल्या हत्याराची जबाबदारी आपल्या माथीं राहते.

चांगले दुकानदार या धंद्यांत नाहींत असें मुळींच नाहीं. त्यांची ओळख पुष्कळदां त्यांच्या नकारांतूनच पटते. झिजलेल्या जोडाची बंदूक ते विकीत नाहींत. परवान्यांत न बसणारें काडतूस ते देत नाहींत. आणि बंदूक हातीं आली म्हणजे रानडुक्कर मारण्याची मोकळीक मिळाली, हा शेतकऱ्याचा गैरसमज ते आधींच दूर करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं त्यासाठीं वनखात्याची वेगळी परवानगी लागते. शस्त्राचा परवाना तिची जागा घेऊं शकत नाहीं. असा नकार ऐकून आलेला माणूस त्या दिवशीं चडफडतो, पण पुढें तुरुंगाचें किंवा रुग्णालयाचें दार पाहावें लागत नाहीं तें त्याच नकारामुळें.

म्हणून दुकानांत ‘नाहीं’ किंवा ‘उद्यां या’ असा शब्द कानीं पडला कीं रागावण्यापूर्वीं गिऱ्हाइकानें एकच प्रश्न शांतपणें विचारावा: हें कायद्यांत आहे काय, आणि असल्यास कोणत्या कलमांत? कलम दाखविलें गेलें तर निमूटपणें थांबावें, कारण तो निर्बंध शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिवासाठीं घातलेला आहे. कलम दाखवितां आलें नाहीं, तर पावती खिशांत आहे ना हें पाहून ग्राहक आयोगाची वाट धरावी. तोंवर शेतांतलें पीक राखणेंच आहे. निदान आपला वेळ आणि पैसा कोणी खाल्ला, रानडुकरांनीं कीं दुकानानें, हें तरी शेतकऱ्याला नक्की ठाऊक असेल.