काटकसर आणि तारतम्य

'काटकसर' आणि 'कंजुषी' हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु त्यांच्यात मोठे अंतर आहे. जेथे खर्च करणे आवश्यक आहे तेथेही हात आखडता घेणे म्हणजे कंजुषी. याउलट, हाताशी असलेल्या वस्तूचा पुरेपूर उपयोग करून अनावश्यक खर्च टाळणे म्हणजे काटकसर. घरात बाळ जन्माला येते तेव्हा हा फरक विशेषत्वाने जाणवतो. त्या काळात खर्चाच्या वाटा अनेक असतात आणि बाळाला काहीही कमी पडू नये, अशी घरातील सर्वांची इच्छा असते. अशा वेळी कोणती वस्तू घरी करावी, कोणती विकत घ्यावी आणि कोणती मुळीच वापरू नये, हे ठरवता येणे हेच काटकसरीचे खरे मर्म आहे.

महाराष्ट्रात नवजात बाळासाठी बाळंतविडा नेण्याची प्रथा आहे. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट अशा वस्तू त्यात असतात. यांतील बहुतेक वस्तू पूर्वी घरातील जुन्या सुती कापडातूनच तयार होत. त्यामागे केवळ पैशांचा विचार नव्हता. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे ते ताठ आणि खरखरीत लागते. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ होते आणि ओल लवकर शोषून घेते. बाळाच्या नाजूक त्वचेला तेच सोसते.

पाचवारी साडी सुमारे ५ मीटर लांब आणि एक मीटरहून थोडी अधिक रुंद असते. तिच्यातून एक मीटर चौरसाची दोन दुपदरी दुपटी निघतात आणि उरलेल्या कापडात अर्ध्या मीटरचे चार लंगोट होतात. कापड बेतताना जरीचा काठ काढून टाकावा. तो बाळाला टोचतो. कडा दुमडून शिवाव्यात, म्हणजे सुटलेले धागे बाळाच्या बोटांत अडकत नाहीत. लंगोट प्रत्येक वेळी स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवावेत.

यातून बचत किती होते, हे एका हिशेबाने पाहू. समजा, एका तयार डायपरला १० रुपये पडतात आणि दिवसाला सहा डायपर लागतात. म्हणजे दिवसाचे ६० आणि ३० दिवसांचे १८०० रुपये झाले. दिवसा घरचे लंगोट वापरून रात्री एकच डायपर वापरला, तर हाच खर्च ३०० रुपयांवर येतो. साबणाचा आणि पाण्याचा खर्च वजा केला तरी बचत लक्षणीय असते.

जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून ते धावदोऱ्याने शिवले की गोधडी तयार होते. काही भागांत तिला 'वाकळ' म्हणतात. ही कल्पना केवळ महाराष्ट्राची नव्हे. कर्नाटकात 'कौदी', बंगालमध्ये 'कांथा' आणि बिहारमध्ये 'सुजनी' या नावांनी ती आढळते. सुजनी तर पूर्वी नवजात बाळासाठीच जुन्या साड्यांतून शिवली जाई. 'कन्था' या संस्कृत शब्दाचा अर्थच चिंध्या जोडून केलेले वस्त्र असा आहे. प्रांत आणि भाषा वेगळ्या असल्या, तरी वापरलेल्या कापडाची ऊब पुढच्या पिढीला देण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे.

आहाराच्या बाबतीतही असेच आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. वरचे पाणीसुद्धा देऊ नये. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर मऊ पूरक आहार सुरू करतात. त्यासाठी नाचणीचे सत्त्व घरी सहज करता येते. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावी. पाणी काढून ती ओल्या फडक्यात बांधून ठेवावी. मोड आल्यावर पूर्ण वाळवून दळावी आणि वस्त्रगाळ करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. मोड आल्यामुळे नाचणी पचायला हलकी होते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. बाळ एक वर्षाचे होईपर्यंत या खिरीत साखर किंवा मीठ घालू नये.

घरातील स्वच्छतेसाठीही स्वयंपाकघर उपयोगी पडते. रिठ्यात फेस आणणारे द्रव्य असल्याने त्याच्या पाण्याने रेशमी आणि लोकरी कपडे निघतात. आठ-दहा रिठे फोडून बिया काढाव्यात, साली रात्रभर भिजवून सकाळी उकळाव्यात आणि ते पाणी गाळून घ्यावे. मात्र हे पाणी डोळ्यांना झोंबते. म्हणून ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. तांब्या-पितळेच्या भांड्यांवरील काळपट थर चिंचेतील आम्लामुळे निघून जातो.

तथापि, घरी केलेले सर्वच हितकर असते असे नाही. दिव्यावर धरलेले काजळ बोटाने डोळ्यांत घातल्यास जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाजारातील काजळात शिसेही असू शकते. डोके गोल व्हावे म्हणून वापरली जाणारी राईची उशी किंवा अन्य कोणतीही उशी तान्ह्या बाळाला देऊ नये, असे डॉक्टर सांगतात. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून क्वचित गंभीर विषबाधा होते. सर्वांत घातक काटकसर म्हणजे वरच्या दुधात किंवा दुधाच्या भुकटीत जास्त पाणी घालून ती पुरवणे. त्यामुळे बाळाचे पोट भरल्यासारखे वाटते, पण पोषण होत नाही. जुलाब झाल्यावर अंदाजाने मीठ-साखर मिसळण्यापेक्षा सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळणारी जलसंजीवनीची पाकिटे वापरावीत. त्यांतील प्रमाण अचूक असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. घरी केलेली वस्तू फुकट झाली असे आपण सहज म्हणतो. परंतु कापड बेतणे, शिवणे, धुणे, वाळवणे, दळणे यांत कुणाचे तरी तास खर्च होत असतात. बहुधा ते घरातील स्त्रीचे असतात आणि बाळंतिणीला तर विश्रांतीचीच गरज असते. पैसा वाचवताना एकाच व्यक्तीवर श्रमांचा भार पडत असेल, तर ती बचत घराची नव्हे. म्हणून ही कामे घरातील सर्वांनी वाटून घ्यावीत. लंगोट धुण्यात वडिलांना कमीपणा वाटण्याचे कारण नाही. या श्रमांना बाजारातही मोल आहे. आज अनेक बचत गटांतील स्त्रिया गोधड्या शिवून उत्पन्न मिळवतात.

वस्तू स्वच्छ आणि सुरक्षित असावी, तिने खर्च खरोखर कमी व्हावा आणि तिच्यासाठी लागणारे श्रम सर्वांनी वाटून घेतलेले असावेत. या तीन कसोट्यांवर उतरेल ती वस्तू आनंदाने घरी करावी. जी उतरणार नाही, ती विकत घ्यावी किंवा सोडून द्यावी. तसे करण्यात उधळेपणा नाही. तेही काटकसरीचेच अंग आहे.