टेन्शन, तास आणि टक्के

माळशिरसच्या एखाद्या अभ्यासिकेत तुम्ही बसलाय. शेजारचा दहा-दहा तास खुर्ची सोडत नाही, पण सतत नखं खातोय. तुम्ही पाच तासांत उठता, निवांत झोपता. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल पुढे करतं : ‘जास्त अभ्यास करणाऱ्यांना जास्त टेन्शन!’ मग काय, अभ्यास कमी करायचा?

जरा थांबा. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत पंढरीला जाते, त्याच सुमारास दुकानांत वह्या-दप्तरांना गिऱ्हाईक असतं. म्हणून वह्या वारकरी घेतात का? शाळाही तेव्हाच सुरू झालेल्या असतात, एवढंच! दोन गोष्टी सोबत वाढल्या की तो सहसंबंध. एकीमुळेच दुसरी घडली, हे त्यातून ठरत नाही.

अभ्यासाचंही तसंच. तासांमुळे टेन्शन येत असेल, किंवा टेन्शन आलेलाच जास्त बसत असेल. कदाचित दोन्हींमागे तिसरंच काही असेल : गेल्या वेळी थोडक्यात हुकलेली परीक्षा, घरावरचं कर्ज. आकडा तिन्ही वेळा सारखाच दिसेल.

हा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्यामध्ये असतो. तास आणि मार्कांचा सहसंबंध ०.३ आला, तर त्याचा वर्ग करा : ०.०९. म्हणजे मार्कांतल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के भाग तासांशी जुळतो. आणि शून्य आला तरी ‘संबंधच नाही’ म्हणू नका. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन यांना उंदरांच्या प्रयोगात दिसलं, की अवघड काम मध्यम ताणाखाली लवकर शिकलं जातं; ताण फार कमी किंवा फार जास्त झाला की गाडी अडते. अशी कमान सरळ रेषेच्या मापात सापडत नाही.

कारण शोधायचं तर प्रयोग लागतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला, काहींना न बघता आठवून लिहायला. आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या जास्त लक्षात राहिलं. गंमत म्हणजे, जास्त खात्री वाटत होती ती वाचणाऱ्यांना!

तेव्हा शेजाऱ्याचे तास मोजू नका. आज वाचलेलं उद्या पुस्तक मिटून लिहून बघा. आणि काळजीनं झोपच उडाली असेल, तर १४४१६ या टेलिमानस हेल्पलाइनवर बिनधास्त बोला. फोनला पैसे पडत नाहीत.