निवासी अश्व-ट्रेलरमधील रेडिओची तारजोडणी

निवासी अश्व-ट्रेलर हा घोड्यांची वाहतूक आणि माणसांचा मुक्काम अशी दुहेरी सोय असलेला, मोटारीमागे जोडून ओढला जाणारा ट्रेलर होय. अमेरिका व कॅनडा येथे रोडिओ आणि अश्वप्रदर्शनांसाठी प्रवास करणारे लोक तो वापरतात. त्याच्या निवासी भागातील रेडिओ बहुधा मोटारीत असतो त्याच प्रकारचा असतो. मात्र त्याला वीज पुरवणारी व्यवस्था वेगळी असल्यामुळे दोष शोधण्याची पद्धतही वेगळी ठरते.

वीजपुरवठा

रेडिओ १२ व्होल्टच्या दिष्ट विद्युतधारेवर चालतो. ही वीज ट्रेलरच्या बॅटरीतून मिळते. ट्रेलर बाहेरील १२० व्होल्टच्या प्रत्यावर्ती पुरवठ्याला जोडलेला असताना कन्व्हर्टर ती पुरवतो व बॅटरीही भारित करतो.

तारांचे रंग

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक रेडिओंत पिवळी तार स्मृतीसाठीच्या अखंड पुरवठ्याची, लाल तार रेडिओ चालू करणाऱ्या पुरवठ्याची आणि काळी तार ऋण टोकाची असते. पांढरी, करडी, हिरवी व जांभळी या तारा स्पीकरच्या असून, त्याच रंगाची काळी रेघ असलेली तार त्या-त्या स्पीकरचे ऋण टोक दर्शवते.

ट्रेलरच्या १२ व्होल्ट जोडणीत मात्र अनेकदा काळी तार धन व पांढरी तार ऋण असते. त्यामुळे केवळ रंग जुळवून काळ्या तारेला काळी तार जोडल्यास ध्रुवता उलटते आणि फ्यूज किंवा रेडिओ निकामी होऊ शकतो. जोडण्यापूर्वी प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

सामान्य दोष

* रेडिओ सुरूच न होणे: प्रथम फ्यूज, नंतर बॅटरी तोडणारा मुख्य स्विच आणि शेवटी लाल व पिवळ्या तारांवरील व्होल्टता तपासतात. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते.
* घड्याळ व केंद्रे पुसली जाणे: पिवळ्या तारेचा पुरवठा खंडित होत असल्याचे हे लक्षण होय. लाल व पिवळ्या तारांची अदलाबदल झाल्यासही असे घडते.
* आवाज वाढवताच रेडिओ बंद पडणे: सैल किंवा गंजलेली ऋण जोडणी हे याचे नेहमीचे कारण असते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला पोलादी स्क्रूने केलेली जोडणी ओलाव्यात लवकर गंजते.
* एकच स्पीकर मुका होणे: तार रेडिओपासून सोडवून रोध मोजतात. ४ ओहमचा सुस्थितीतील स्पीकर साधारणतः त्याहून किंचित कमी रोध दाखवतो. अनंत रोध म्हणजे तार किंवा स्पीकर तुटलेला असणे.
* गुणगुण ऐकू येणे: बाहेरील पुरवठा तोडल्यावर ती थांबल्यास कन्व्हर्टर हा तिचा संभाव्य उगम ठरतो.

आधुनिक रेडिओंत स्पीकरची ऋण तार सांगाड्याला जोडत नाहीत. तसे केल्यास रेडिओतील प्रवर्धक बिघडू शकतो.

सुरक्षितता

जोडणीपूर्वी बाहेरील पुरवठा व बॅटरीचे ऋण टोक दोन्ही सोडवतात. वारंवार जळणाऱ्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज बसवणे धोक्याचे असते, कारण मग फ्यूजऐवजी तारच तापते. ट्रेलरमध्ये गवत व पेंढा साठवलेला असतो आणि आत बांधलेल्या घोड्यांना स्वतःहून बाहेर पडता येत नाही. म्हणून घोड्यांच्या कप्प्यांतून जाणाऱ्या तारा संरक्षक नळीतून, घोड्यांच्या तोंडाच्या व खुरांच्या आवाक्याबाहेर नेतात.