मांडव्याचा मास्तर आणि समीक्षेचे मौन

'अग्निपथ' या हिंदी चित्रपटाचा नायक स्वतःची ओळख करून देताना आपले पूर्ण नाव सांगतो, बापाचे सांगतो, आईचे सांगतो आणि मग गावाचे सांगतो. विजय दीनानाथ चौहानची ही ओळख ज्याला ठाऊक नाही असा हिंदी चित्रपटांचा प्रेक्षक विरळाच. त्या ओळखीतले गाव मांडवा. रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यात, मुंबई बंदराच्या समोरच्या किनाऱ्यावर, या नावाचे गाव खरोखरच आहे. पेण तालुक्यातील जोहे या मूर्तिकारांच्या गावातून निघालेला माणूस वडखळ, पोयनाड अशी वाट धरून मांडव्याला जाऊन त्याच दिवशी घरी परतू शकतो. १६ फेब्रुवारी १९९० रोजी हा चित्रपट प्रदर्शित झाला. गेल्या साडेतीन दशकांत त्याच्याविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. नायकाचा आवाज, त्याची ऐट, त्याचे संवाद, त्याचे अपयश आणि त्याचा पुनर्जन्म या सर्वांची चर्चा झाली. गावाची मात्र झाली नाही. एखाद्या लोकप्रिय नटाभोवती उभारलेल्या चित्रपटाची समीक्षा करताना आपण नेमके काय पाहतो आणि काय पाहायचे टाळतो, याचा विचार करण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

आवाजाचा खटला

ज्या सुमारास 'अग्निपथ' आला तो काळ अमिताभ बच्चन यांच्यासाठी अनुकूल नव्हता. १९८४ मध्ये अलाहाबादहून लोकसभेवर निवडून गेलेला हा नट १९८७ मध्ये राजीनामा देऊन राजकारणातून बाहेर पडला होता. 'गंगा जमुना सरस्वती', 'तूफान', 'जादूगर' हे चित्रपट एकामागून एक कोसळले होते. इकडे 'कयामत से कयामत तक' आणि 'मैंने प्यार किया' यांनी प्रेक्षकाला पुन्हा कोवळ्या प्रेमकथांकडे वळविले होते. अशा वेळी निर्माते यश जोहर आणि दिग्दर्शक मुकुल आनंद यांनी एका गुन्हेगाराची शोकांतिका मांडली आणि तीत नायकाने आपला सर्वपरिचित आवाज बाजूस ठेवून घोगरा, घशात अडकलेला आवाज लावला.

या आवाजाने प्रेक्षक गोंधळला. चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणाच बिघडली असावी अशा समजुतीने लोकांनी तक्रारी केल्या, अशी आठवण आजही सांगितली जाते. पुढे नायकाच्या नेहमीच्या आवाजात संवादांचे पुन्हा ध्वनिमुद्रण करण्याची पाळी निर्मात्यावर आली. तरीही चित्रपट अपेक्षेइतका चालला नाही. म्हणजे पहिला निवाडा झाला तो चित्रपटाचा नव्हे, तर एका नटाच्या कंठाचा. प्रेक्षकाला ठाऊक असलेली मूर्ती त्याला हवी होती. ती किंचित वेगळी दिसताच त्याने पाठ फिरविली.

दुसरा निवाडा राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी दिला. १९९० सालासाठीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार याच भूमिकेला मिळाला. या नटाला पुढे 'ब्लॅक', 'पा' आणि 'पिकू' या चित्रपटांसाठीही तो लाभला, पण त्या चारांतील पहिला हाच. मिथुन चक्रवर्ती आणि रोहिणी हट्टंगडी यांना साहाय्यक भूमिकांसाठी फिल्मफेअर पारितोषिके मिळाली. मग दूरचित्रवाणीवरून हा चित्रपट घरोघर पोहोचला, त्याचे संवाद तोंडोतोंडी झाले आणि कालचे अपयश आजचे अभिजात ठरले. २६ जानेवारी २०१२ रोजी करण मल्होत्रा यांनी दिग्दर्शित केलेली त्याची नवी आवृत्ती हृतिक रोशनला नायक करून आली आणि तिने भरघोस यश मिळविले. हा झाला तिसरा निवाडा. तिन्ही निवाड्यांचे निकष भिन्न असले तरी आरोपी मात्र एकच होता, तो म्हणजे नट. नटाचा आवाज पटला नाही म्हणून चित्रपट वाईट. नटाला पारितोषिक मिळाले म्हणून चांगला. नव्या नटाने गल्ला भरला म्हणून अधिक चांगला. या तीन टोकांच्या मधोमध चित्रपट नावाची जी वस्तू होती, तिच्याकडे कोणी पाहायचे?

उसने काय आणि स्वतःचे काय?

नाही म्हणायला एक आक्षेप त्या वेळेपासून घेतला गेला. ब्रायन डी पाल्मा यांच्या १९८३ च्या 'स्कारफेस'ची ही उसनवारी आहे, असा तो आक्षेप. तो निराधार नाही. परंतु उसनवारी सिद्ध केली म्हणजे समीक्षकाचे काम संपले, ही समजूत चुकीची आहे. 'स्कारफेस' हा स्वतःच १९३२ च्या त्याच नावाच्या चित्रपटाचा नवा अवतार होता. कथा देशोदेशी फिरतात. प्रश्न असतो तो घेणाऱ्याने आपल्या पदरचे त्यात काय घातले याचा. मुलाने वाममार्गाने मिळविलेला पैसा झिडकारणारी आई अमेरिकन चित्रपटातही आहे. वयाने नायकाहून लहान असलेल्या रोहिणी हट्टंगडी यांनी त्या आईला येथे जे करारी, मराठमोळे रूप दिले ते निःसंशय मोलाचे आहे. पण मूळ कल्पना उसनी आहे. उसना नाही तो दीनानाथ मास्तर. उसने नाही ते मांडवा.

काय घडते या गावात? एक शाळामास्तर मुलांना शिकवितो आणि गावकऱ्यांना शहाणे करू पाहतो. किनाऱ्यावर चोरट्या धंद्याचा तळ उभारू पाहणाऱ्यांना त्याची अडचण होते. ते त्याला थेट मारीत नाहीत. ते त्याच्या चारित्र्यावर किटाळ आणतात आणि पुढचे काम गावावर सोपवितात. ज्यांना त्याने अक्षरे शिकविली, त्याच गावाच्या हातून मास्तर मरतो. हिंदी चित्रपटात बापाच्या अपमानाची कथा नवी नव्हती. १९७५ च्या 'दीवार'मध्येही कामगार नेता असलेल्या बापाच्या माथी कलंक येतो आणि मुलगा तस्करीकडे वळतो. पण तेथे बापाला शरण आणणारा मालक आहे. येथे बापाचा जीव घेणारा समूह आहे. अफवेवर विसंबून सज्जनाला ठेचणारा जमाव, हा या चित्रपटाचा खरा आणि भयंकर विषय होता. आजच्या वाचकाला तर त्याची धग अधिकच जाणवेल.

आणि चित्रपटकर्त्यांनी या विषयाचे काय केले? तो पेटवला आणि सोडून दिला. पुढचे सारे आख्यान मुलाच्या सूडाचे. गावाने मास्तरला मारले, या गोष्टीचा जाब गावाला कोणी विचारीत नाही. गाव स्वतःलाही विचारीत नाही. ते वाट पाहत राहते. कधीतरी मास्तरचा मुलगा मुंबईहून पैसा आणि पिस्तूल घेऊन येईल आणि आपल्याला खलनायकाच्या तावडीतून सोडवील, एवढेच त्याच्या वाट्याला उरते. नायक उंच व्हावा म्हणून गाव खुजे करावे लागते. नटकेंद्री चित्रपटाचा हा मूळ दोष असून तो आवाजात नव्हे तर रचनेत आहे. तो दाखवून देणे हे समीक्षेचे काम होते.

खाडीकाठची माणसे

'करमणुकीच्या चित्रपटावर एवढे ओझे कशाला?' असा प्रश्न येथे हमखास येईल. त्याचे उत्तर असे, की चित्रपटाने खऱ्या गावाचे नाव घेतले आहे. ज्या मुलखाचे नाव घ्यावे, त्या मुलखाच्या स्वभावाशी काही नाते ठेवावे लागते. मांडवा ज्या तालुक्यात आहे, त्याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे तेथील आणि आसपासच्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारून संप चालविला. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. उपाशी राहून सहा वर्षे एकजूट टिकविणारी ही माणसे कोणा तारणहाराची वाट पाहत बसली नव्हती. अलीकडचे उदाहरण पेण तालुक्याचेच आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी द्याव्यात की नाहीत, यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांतील शेतकऱ्यांनी कौल दिला. शाळामास्तरने शिकविलेल्या अक्षरांचा उपयोग असाही होतो.

चित्रपटातील तस्करीचे कथानक मात्र अतिरंजित नव्हते. प्रदर्शनानंतर तीनच वर्षांनी, १९९३ च्या आरंभी, याच जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली आणि त्या वर्षीच्या १२ मार्चला मुंबई हादरली. त्या खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यातील काही जणही दोषी ठरले. याचा अर्थ असा, की किनारा विकला जातो तो कांचा चीनासारख्या रुबाबदार खलनायकामुळे नव्हे. नेमल्या जागी डोळे मिटून घेणाऱ्या साध्यासुध्या पगारी माणसांमुळे. डॅनीचा खलनायक पाहून आपण घाबरतो आणि निश्चिंतही होतो, कारण तसा माणूस आपल्या शेजारी राहत नाही, याची आपल्याला खात्री असते.

नव्या आवृत्तीत तर मास्तरला गावात मीठ पिकविण्याचा ध्यास आहे. मिठागरांच्या या मुलखाला तो किती जवळचा! पण चित्रपटातील मांडवा उभे राहिले ते दीवच्या किनाऱ्यावर, आणि मीठही सूडाच्या कथेत विरघळून गेले. दरम्यान खऱ्या मांडव्याचे रूप पालटले आहे. २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाड्यांसह बोट तेथे येते आणि परिसरात धनिकांचे बंगले उठले आहेत. गाव परत मिळविण्याची विजय चौहानची प्रतिज्ञा टाळ्या घेऊन गेली. जमिनी मात्र कोणत्याही गोळीबाराविना, खरेदीखतावर सह्या होऊन हस्तांतरित झाल्या. या घटनेवर चित्रपट निघाला नाही, कारण तीत नायकाला जागा नाही.

साचा आणि आखणी

जोहे आणि शेजारच्या हमरापूर परिसरातील कारखान्यांतून गणेशमूर्ती दूरदूर जातात. ज्या मंडपांत त्या बसतात, त्यांतील अनेक ठिकाणी नव्या 'अग्निपथ'मधील अजय-अतुल यांनी संगीत दिलेले गणपतीचे गाणे दरवर्षी वाजते. २०२२ च्या उत्सवात 'पुष्पा' चित्रपटातील चंदनतस्कराच्या आविर्भावात बसविलेल्या गणेशमूर्तीही काही ठिकाणी दिसल्या आणि त्यावरून वाद झाला. पडद्यावरच्या गुन्हेगाराची ऐट देवाच्या पाटापर्यंत येऊन पोहोचते, तेव्हा 'हा केवळ खेळ आहे' हा बचाव लंगडा पडतो. अशा वेळी मूर्तिकाराला दोष देऊन भागत नाही. गिऱ्हाईक मागेल ते त्याला करावे लागते. त्या मागणीची चिकित्सा ज्यांनी करावयाची, ते आम्ही लिहिणारे गल्ल्याचे आकडे मोजीत बसलो आहोत.

मूर्तीचे अंग साच्यातून निघते. एका साच्यातून शेकडो निघतात. डोळ्यांची आखणी मात्र हातानेच व्हावी लागते आणि जाणकार मूर्तीची पारख करतो ती तिच्यावरून. नटकेंद्री चित्रपट हा साच्यातलाच माल असतो. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पण त्यातही क्वचित कोणी स्वतःच्या हाताने आखणी केलेली असते. 'अग्निपथ'मध्ये ती दीनानाथ मास्तरच्या मृत्यूत होती. ती पाहिली गेली असती, तर कदाचित पुढच्या दिग्दर्शकाला त्या गावात पुन्हा जावेसे वाटले असते आणि मास्तरला मारणाऱ्या हातांची गोष्ट त्याने सांगितली असती. यापुढे एखादा मोठा नट पडद्यावर आपले नाव आणि गाव सांगेल, तेव्हा परीक्षण लिहिणाऱ्याने नावापाशी थांबू नये. त्या गावात माणसे राहतात का, आणि राहत असतील तर त्यांना काही बोलू दिले आहे का, एवढे तरी त्याने वाचकांना सांगावे.