गोचीड चावल्याची नोंद

कल्याणजवळच्या मोहन्यात किंवा पलीकडे आंबिवलीत पावसाळ्यात एखादं मूल तापानं फणफणलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. दोन दिवस पॅरासिटामॉल, तिसऱ्या दिवशी रक्त. मलेरियाची स्लाइड, डेंग्यूची एनएस वन, शिवाय टायफॉइडची विडाल. तिन्ही निगेटिव्ह आल्या की ‘व्हायरल आहे’ म्हणून सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. डास कुठे चावला असेल, पाणी कुठलं प्यायलं, बाहेरचं काय खाल्लं, हे सगळं विचारून होतं. घरात किंवा दारात कुत्रा आहे का, त्याच्या अंगावर गोचिडी आहेत का, हा प्रश्न क्वचितच निघतो.

अकोल्यात मात्र तो निघाला. बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘इंडियन पेडिएट्रिक्स’मध्ये मध्य भारतातल्या मुलांच्या रिकेट्सियाजन्य तापावर एक निबंध प्रसिद्ध केला. रिकेट्सिया हे पेशीच्या आत शिरून वाढणारे जिवाणू. त्यांच्यातला स्पॉटेड फीवर गट प्रामुख्याने गोचिडींमधून माणसात येतो आणि आपल्याकडे त्याचा परिचित प्रकार म्हणजे इंडियन टिक टायफस. या मंडळींनी गुणपद्धती सुचवली. गोचीड चावल्याची खूण किंवा आठवण असेल तर तीन गुण, गोचिडींशी संपर्क असेल तर दोन, घरात पाळीव जनावर असेल तर एक. तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ आलं तर आणखी तीन. सोबतीला प्लेटलेट, सोडियम, अल्ब्युमिन अशा कुठल्याही तालुक्याच्या गावी होणाऱ्या तपासण्या. बेरीज चौदावर पोहोचली की महागड्या चाचणीची वाट न पाहता उपचार सुरू करावेत, असा त्यामागचा विचार. मला या यादीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कुत्र्यामांजरांचा प्रश्न इथे गप्पांमधून उठून केसपेपरवर आला आणि त्याला गुण मिळाले.

पुढे २०१७ मध्ये भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने मुलांमधल्या रिकेट्सियाजन्य आजारांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्या लिहिणाऱ्यांत अकोल्याचे राठी, सोलापूरचे डॉ. अतुल कुलकर्णी आणि नवी मुंबईचे डॉ. विजय येवले होते. तिघेही महाराष्ट्रातले, हा योगायोग नसावा. पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सियांवरचं पद्बिद्री आणि सहकाऱ्यांचं काम तर १९८४ सालचं आहे. म्हणजे आजार नवा नाही, नजरेआड होता. औषधही जुनंच आणि स्वस्त, डॉक्सिसायक्लिन. दातांवर डाग पडतात म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते द्यायला डॉक्टर कचरत. या आजारात वय न पाहता तेच पहिलं औषध, असं त्या सूचनांनी स्पष्ट केलं.

आता गोचिडीकडे जरा जवळून पाहू. कुत्र्याच्या कानाच्या घडीत बोट घातलं की खडबडीत लागतं. कातडीला तोंड रुतवून बसलेली मादी रक्त पिऊन राखाडी-निळसर होते, फुगून एरंडाच्या बीसारखी दिसते. ही तपकिरी श्वानगोचीड. पोट भरलं की ती गळून पडते, भिंतीच्या भेगेत, जिन्याखाली, पोत्यांच्या थप्पीत शिरते आणि हजारांच्या घरात अंडी घालते. जंगल तिला लागत नाही, भिंत पुरते. २००९ साली बंद पडलेल्या मोहन्याच्या एनआरसी कारखान्याच्या पडीक आवारासारखी भेगाळलेली बांधकामं, भटके कुत्रे आणि भोवती दाटीने वसलेली वस्ती एवढं तिला कुठेही चालेल. मोठ्या गोचिडी दिसतात तरी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या आणि त्यांच्या पुढच्या अवस्थेतल्या गोचिडी तिळाहून बारीक असतात, त्यांचा चावा दुखत नाही आणि आठवतही नाही. त्यामुळे ‘चावली होती का?’ या प्रश्नाला आई ‘नाही’ म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. मुलांचा आणखी एक उद्योग असतो, कुत्र्याच्या अंगावरची गोचीड उपटायची आणि दगडाखाली ठेचायची. ठेचल्यावर बोटांना लागलेला द्रव डोळ्यात गेला तरी या जिवाणूला वाट मिळते. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि हात साबणाने धुवावेत. रॉकेल नको, काडीचा चटका नको.

चावा आठवत नसेल तर उरतं रक्त. संसर्ग होऊन गेल्यावर शरीरात अँटीबॉडी राहतात. आयजीएम आधी येते आणि काही महिन्यांत ओसरते, आयजीजी जास्त टिकते. पन्नास वर्षांच्या शेतकऱ्याच्या रक्तात आयजीजी सापडली तर संसर्ग गेल्या वर्षीचा की तरुणपणी घाटावर ऊसतोडीला गेला होता तेव्हाचा, हे सांगता येत नाही. सहा वर्षांच्या मुलीच्या रक्तात ती सापडली तर तो या सहा वर्षांतलाच, आणि बहुधा घर, अंगणवाडी, शाळा आणि आजोळ एवढ्याच परिसरातला. मुलाच्या रक्ताला तारीख असते आणि पत्ताही असतो. गोचीडजन्य संसर्गाचा माग मुलांमध्ये काढायचा तो यासाठी. केवळ मुलं नाजूक असतात म्हणून नव्हे.

ही रीत डेंग्यूच्या बाबतीत देशाने वापरून पाहिली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७-१८ मध्ये महाराष्ट्रासह पंधरा राज्यांत रक्तनमुने घेतले. पाच ते आठ वर्षांच्या मुलांपैकी २८.३ टक्क्यांना डेंग्यू होऊन गेला होता, नऊ ते सतरा वयोगटात ४१ टक्क्यांना आणि अठरा ते पंचेचाळीसमध्ये ५६.२ टक्क्यांना. पायऱ्या पाहा. पहिल्या पायरीवरून ढोबळ हिशेब केला तर संसर्ग न झालेल्या दर शंभर मुलांमागे वर्षाला पाचेक मुलांना डास गाठतो, असं निघतं. त्याच साठवलेल्या नमुन्यांवर नंतर चिकुनगुन्याचीही तपासणी झाली. एकदा सुई टोचली की त्या नळीला आणखी प्रश्न विचारता येतात. त्यातला एक गोचिडींबद्दल असायला काय हरकत आहे?

हरकत एकच, नकाशाची. डास वॉर्डभर फिरतो. गोचीड एका गोठ्यापुरती, एका राईपुरती किंवा एका चाळीच्या जिन्यापुरती असते. राज्याची सरासरी काढली तर आकडा शून्याजवळ येईल आणि आपण निर्धास्त होऊ, तर त्याच वेळी एखाद्या वाडीत निम्मी मुलं संसर्गातून गेलेली असू शकतील. इथे नमुना वाडीवार आणि वस्तीवारच घ्यायला हवा.

वाडीवार म्हणजे किती बारीक, हे सिंधुदुर्गाने दाखवलं, तिथे पोचलेल्या कर्नाटकातल्या एका आजारामुळे. १९५७ च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि त्या वर्षी ४६६ माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, हा विषाणू त्याच साली शोधला आणि तो गोचिडींतून पसरतो हे दाखवून दिलं. अनेक दशकं हा ‘माकडताप’ कर्नाटकाचा म्हणूनच ओळखला गेला. मग २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत पाळी गावात आणि २०१६ च्या जानेवारीत आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात तो आला. पुढच्या वर्षी सावंतवाडीच्या बांदा भागात. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना धोका अधिक, हे गोव्यातल्या अभ्यासातून पुढे आलं. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडीच्या मधल्या अवस्थेतली पिल्लं, माणसाला चावतात ती हीच, डिसेंबर ते मे या काळात जोरात असतात. काजूचा हंगाम फेब्रुवारीपासून. आणि एप्रिल-मे म्हणजे परीक्षा संपून सुट्टी. बोंडू गोळा करायला, करवंदं तोडायला पालापाचोळ्यात शिरणारी पोरं कुणाच्या मजुरीच्या वहीत नसतात, त्यामुळे ‘व्यवसायजन्य धोका’ म्हणताना ती सुटतात. कर्नाटकात वापरली गेलेली जुनी लसही सहा-सात वर्षांखालच्या मुलांना दिली जात नसे.

यंत्रणा इथे लक्ष ठेवते ते मेलेल्या माकडावर आणि तापाच्या रुग्णावर. माकड मेल्याची खबर मिळाली की भोवतीच्या पन्नास मीटरांत मॅलॅथिऑनची पावडर मारायची, अशी कर्नाटकातली जुनी रीत. ती चुकीची नाही. पण माकड मरतं तेव्हा विषाणू तिथे आधीच आलेला असतो. सौम्य ताप येऊन बरी झालेली मुलं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. शिवाय चाचणीची एक अडचण आहे. डेंग्यू आणि माकडताप एकाच कुळातले विषाणू, त्यामुळे एकाची अँटीबॉडी दुसऱ्याच्या चाचणीत डोकावू शकते. नऊ ते सतरा वयाच्या दहातल्या चार मुलांना डेंग्यू होऊन गेलेला असेल, तर साध्या चाचणीतलं ‘पॉझिटिव्ह’ किती खरं? त्याचा निवाडा न्यूट्रलायझेशन चाचणीने करावा लागतो आणि ती जिवंत विषाणूवर, बंदिस्त प्रयोगशाळेतच होते.

मुलांमुळेच एक गोचीडजन्य आजार जगाला कळला, त्याची गोष्ट अमेरिकेतली आहे. कनेक्टिकट राज्यातल्या ओल्ड लाइम परिसरात १९७५ च्या सुमारास मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर त्याला मुलांचा संधिवात म्हणत. एवढ्याशा गावात इतक्या मुलांना संधिवात कसा, हे दोन आयांना पटेना. त्यांनी पाठपुरावा केला, तेव्हा येल विद्यापीठाचे अॅलन स्टीअर यांनी घरोघर नोंदी घेतल्या. १९७७ च्या त्यांच्या निबंधात ५१ रुग्ण होते, त्यातली ३९ मुलं. चार विशिष्ट रस्त्यांवर तर दर दहा मुलांमागे एक आजारी होतं. गाव नव्हे, रस्ते! आजाराचा जिवाणू हाती लागायला पुढे काही वर्षं गेली. नकाशा आधी तयार झाला तो आयांच्या तक्रारीतून.

आपल्याकडे असा नकाशा करायचा तर काय लागेल? पालिकेच्या शाळेतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांचा बोट टोचून फिल्टर पेपरवर घेतलेला थेंब, त्याच वस्तीतल्या काही कुत्र्यांचं रक्त आणि पत्त्यात फक्त वॉर्ड नव्हे तर चाळीचं किंवा पाड्याचं नाव. पालकांची लेखी संमती लागेलच, शिवाय सात वर्षांपुढची मुलं घेतली तर त्यांचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. कुत्र्यांकडे आधी पाहावं असं माझं मत आहे. ते मुलांपेक्षा जास्त चावे सोसतात, कुठे स्थलांतर करत नाहीत आणि पशुवैद्यकाच्या टेबलावर त्यांचं रक्त नाही तरी काढलं जातंच. पालघर प्रशासनाने २०२० मध्ये गोचिडींतूनच पसरणाऱ्या काँगो तापाबद्दल इशारा दिला होता, तेव्हाही सावध राहायचं होतं ते जनावरं हाताळणाऱ्यांनीच.

दवाखान्यातला अडसर मात्र आणखी साधा आहे. रिकेट्सियाचं निदान पक्कं करायचं तर दोन नमुने लागतात, एक आजारात आणि दुसरा दोन ते चार आठवड्यांनी. दोन्हींमधली अँटीबॉडी चौपट वाढलेली दिसली की शंका मिटते. पहिल्या आठवड्यातली चाचणी बऱ्याचदा कोरी येते. इकडे डॉक्सिसायक्लिन दिल्यावर मूल दोन-तीन दिवसांत उठून खेळायला लागतं. ठणठणीत झालेल्या मुलाला पुन्हा सुई टोचून घ्यायला, एक खाडा करून आणि आंबिवलीहून कल्याणपर्यंत लोकलचा धक्का खाऊन कोण घेऊन येणार? दुसरा नमुना येत नाही, केस ‘संशयित’च्या रकान्यात राहते आणि वर्षअखेरीच्या अहवालात संशयितांची बेरीज होत नाही.