ट्रॅक्टरची चाके आणि मातीची पकड

हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे नाव चांदीच्या दागिन्यांमुळे दूरवर परिचित आहे. येथील कारागिरांचा व्यवहार ग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये चालतो. गावाच्या सभोवती मात्र पंचगंगा व दूधगंगा या नद्यांच्या दरम्यानचा उसाचा पट्टा पसरला असून तेथे हिशेब टनांचा असतो. हुपरी-यळगूड येथील जवाहर शेतकरी सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की, उसाने भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर या परिसरातील रस्त्यांवर रात्रंदिवस धावू लागतात. एखाद्या चढावर अशा ट्रॅक्टरची पुढची चाके जमिनीपासून उचलली जातात. ती खाली दाबून धरण्यासाठी दोन माणसे बॉनेटवर बसविण्याचा प्रकार अनेकांनी पाहिला असेल. ट्रॅक्टरच्या वजनाची मांडणी कामाला अनुरूप नसल्याची ही खूण होय. त्यात बसणाऱ्या माणसांच्या जिवाला धोका असतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

ट्रॅक्टर खरेदी करताना त्याच्या अश्वशक्तीची चौकशी सर्वचजण करतात. तथापि इंजिनात निर्माण होणारी शक्ती अखेरीस दोन मागील टायरांच्या तळाशी, मातीला टेकलेल्या थोड्याशा जागेतूनच कामी येते. तेथे पकड मिळाली नाही तर चाके जागच्या जागी फिरतात, डिझेल जळते आणि टायर झिजतात. सुरुवातीच्या काळात ट्रॅक्टरला दातेरी पोलादी चाके असत. १९३२ साली अमेरिकेत अॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला हवा भरलेले रबरी टायर बसविले आणि काही वर्षांतच पोलादी चाके मागे पडली. आपल्याकडे बैलगाडीलाही पुढे रबरी टायर आले, आणि उसाच्या वाहतुकीत ती टायरगाडी आजही दिसते.

टायरवरील आकड्यांचा अर्थ समजून घेणे कठीण नाही. १३.६-२८ असे लिहिले असल्यास पहिला आकडा टायरची इंचातील रुंदी व दुसरा रिमचा इंचातील व्यास दर्शवितो. प्लायचा आकडा टायरची भार सोसण्याची ताकद सांगतो. त्याचा पकडीशी थेट संबंध नाही. वाहतुकीसाठी अधिक प्लायचा टायर घेणे योग्य ठरते. पकड अवलंबून असते ती टायरच्या तिरप्या दात्यांवर. खोल आणि विरळ दाते शेतात चांगले, तर रुंद व जवळ जवळ असलेले दाते डांबरी रस्त्यावर अधिक काळ टिकतात. हुपरी परिसरातील अडचण येथेच आहे. तोच ट्रॅक्टर हिवाळाभर डांबरावर ऊस ओढतो व उन्हाळ्यात नांगरटीला जुंपला जातो. रस्त्यावर गुळगुळीत झालेले टायर नेमके नांगरटीच्या वेळी घसरतात.

टायर बसविताना त्याची दिशाही पाहावी लागते. ट्रॅक्टरच्या मागे उभे राहिले असता दात्यांचे टोक बाणाप्रमाणे वर गेलेले दिसले पाहिजे. असा टायर पुढे फिरताना दात्यांत भरलेला चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. उलटा बसविलेला टायर चिखल धरून ठेवतो.

आता वजनाविषयी. मागील चाकांवर भार वाढविला की पकड वाढते, हे सामान्यतः खरे आहे. वाळूमिश्रित व मुरमाड जमिनीत पकड घर्षणातून मिळते, त्यामुळे तेथे वजनाचा लाभ पुरेपूर होतो. ओल्या काळ्या जमिनीची गोष्ट निराळी. तेथे पकड प्रामुख्याने मातीच्या चिकटपणावर आणि टायरने व्यापलेल्या जागेवर अवलंबून असते. अशा रानात वजन वाढविल्यास पकड फारशी वाढत नाही, ट्रॅक्टर मात्र अधिक खोल रुततो. रुंद टायर वापरणे, निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेत हवा कमी ठेवणे, किंवा रान वापशावर येईपर्यंत थांबणे हेच तेथील उपाय होत. ओल्या रानात जड चाके फिरल्याने माती घट्ट दबते आणि त्याची झळ पुढे खोडव्याला लागते.

वजन वाढविण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिला मार्ग बिडाची वजने बसविण्याचा असून ती हवी तेव्हा काढता येतात. दुसरा मार्ग टायरमध्ये पाणी भरण्याचा. त्यासाठी चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणतात व व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत पाणी भरतात. अशा रीतीने टायरचा सुमारे ७५ टक्के भाग भरतो. उरलेल्या जागेत हवा भरून योग्य दाब ठेवावा लागतो. टायर पाण्याने पूर्ण भरल्यास हवेची उशी राहत नाही आणि धक्के थेट टायरला व ट्रॅक्टरला बसतात. १३.६-२८ मापाच्या एका टायरमध्ये सुमारे दीडशे लिटर पाणी मावते, म्हणजे दोन्ही मिळून ३०० किलो वजन वाढते. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. कोल्हापूर जिल्ह्यात त्याची गरज नाही.

वजन पुरेसे आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी कोणत्याही उपकरणाची आवश्यकता नाही. मागील चाकावर खडूने खूण करून नांगर जमिनीत असताना चाकाचे दहा फेरे मोजावेत व तेवढे अंतर खुंट्या रोवून निश्चित करावे. नंतर नांगर उचलून त्याच अंतरात किती फेरे होतात ते पाहावे. साडेआठ फेरे झाले तर घसर १५ टक्के. नांगरटीत १० ते १५ टक्के घसर योग्य मानली जाते. ती याहून बरीच अधिक असल्यास वजन कमी आहे. अगदी नगण्य असल्यास ट्रॅक्टर विनाकारण भार वाहत आहे. शाळेतील शेकडेवारीच्या पाठाला याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल. अनुभवी चालक तर चाकोरी पाहूनच अंदाज करतात. दात्यांचे ठसे मधोमध थोडे मोडलेले आणि कडेला स्पष्ट असले तर वजन ठीक. ठसे जसेच्या तसे उमटले तर वजन जास्त. पूर्ण पुसले गेले तर कमी.

वाहतुकीचे गणित मात्र स्वतंत्रपणे मांडावे लागते. डांबरी रस्त्यावर १० टनांची भरलेली ट्रॉली ओढण्यास ढोबळमानाने २०० ते ३०० किलो ओढ पुरते. मऊ रानात किंवा चिखलाच्या पाणंदीत तीच ओढ १,००० किलोपर्यंत अथवा त्याहूनही वर जाते. दोन टन वजनाच्या ट्रॅक्टरला एवढी पकड मऊ मातीत सहसा मिळत नाही. म्हणूनच रानातून एका वेळी एकच ट्रॉली बाहेर काढून दोन्ही ट्रॉल्या पक्क्या रस्त्यावर जोडण्याची पद्धत शहाणपणाची आहे. पाणंद मुरूम टाकून पक्की केली तर चाकांत पाणी भरण्याची गरजही पुष्कळशी कमी होते. ग्रामपंचायत सदस्यांनी या खर्चाकडे त्या दृष्टीने पाहावयास हरकत नाही.

पुढची चाके उचलली जाण्याचे कारणही या ओढीतच आहे. ट्रॉली जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर जोडलेली असून पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २ मीटर असेल, तर १,००० किलो ओढीमुळे पुढील चाकांवरील २५० किलो भार मागील चाकांवर सरकतो. जोडणी १ मीटर उंचीवर केल्यास तो ५०० किलो होतो. त्यातच दोनचाकी ट्रॉलीचा काही भार मागील आसाच्याही मागे टेकतो व पुढचा भाग आणखी हलका करतो. चढावर त्यात भर पडते. अशा वेळी मागील टायरमध्ये आणखी पाणी भरून उपयोग नाही. वजन पुढे, बंपरजवळ बसवावे लागते. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा किमान पाचवा भाग पुढील चाकांवर राहिला पाहिजे, अन्यथा स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. साखळी टॉप लिंकला बांधून रुतलेले वाहन ओढणे तर सर्वांत घातक होय. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ट्रॅक्टर मागे उलटतो.

मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची संस्था १९५९ पासून ट्रॅक्टरची चाचणी घेत आली आहे. तिच्या अहवालात जादा वजनासह आणि त्याविना मिळणारी ओढ वेगवेगळी नोंदविलेली असते. अनुदानातून ट्रॅक्टर घेणाऱ्या शेतकऱ्याला सहायक कृषी अधिकाऱ्याने तेवढे पान दाखविले तरी विक्रेत्याला काय विचारावे हे त्याच्या ध्यानात येईल.

नांगरटीत एक चाक सतत तासात चालत असल्यास त्या बाजूचा टायर लवकर झिजतो. हंगाम संपल्यावर दोन्ही टायरांची अदलाबदल करणे म्हणूनच हिताचे ठरते. ती करताना नुसते चाक एका बाजूचे दुसऱ्या बाजूस लावल्यास दात्यांची दिशा उलटी होते. पाणी काढून टायर रिमवरून उतरवावा व फिरवून पुन्हा चढवावा लागतो.